नाशिकहून इंदूरला आलात, मुलांची शाळा बदलतेय: कोणते नियम खरंच लक्षात ठेवायचे

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: नवऱ्याची बदली झाली, दिवाळीनंतर तुम्ही नाशिकहून इंदूरला आलात. मुलगी तिसरीत, आतापर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. धाकटा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. घराजवळच्या खासगी शाळेने मुलीला वर्षाच्या मध्यातच घ्यायची तयारी दाखवली आणि सोबत बत्तीस नियमांचा छापील कागद हातात दिला. त्यातलं खरंच महत्त्वाचं काय, आणि त्या कागदात न लिहिलेलं असं काय आहे, हे तुम्हाला हवंय.

मी इंदुरातच प्राथमिक वर्गांना चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. असे कागद मी स्वतः तयार केले आहेत. त्यामुळे सांगते, बत्तीसपैकी वीसेक नियम शिस्तीचे असतात: नखं, रिबीन, बूट, टिफिन. ते पहिल्या आठवड्यात मुलीच्या अंगवळणी पडतील, त्यांची चिंता करू नका. उरलेल्या नियमांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: मूल या घटकेला कुठे आहे आणि कोणाच्या जबाबदारीवर आहे, हे शाळेला आणि घराला दोघांनाही ठाऊक असलं पाहिजे. हजेरी, गेटवरचं कार्ड, आजारपणाची चिठ्ठी, व्हॅनवाल्याचा नंबर, अगदी दाखल्यावरचं नावसुद्धा त्याचसाठी. नियमांचा कागद वाचताना हे मनात ठेवा, म्हणजे कुठे हट्ट धरायचा आणि कुठे सोडून द्यायचं ते आपोआप कळेल.

आधी कागदपत्रं, कारण परराज्यातून आलेल्या मराठी घरांचा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. आणि त्यातही नावात.

आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नाशिकच्या शाळेच्या दाखल्यावर ते तसंच असणार. इथे मध्य प्रदेशात मुलाचं नाव म्हणजे नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात जातं. आधार कार्ड काढताना कुणी तीन शब्द लिहिलेले असतात, कुणी दोन. मग जन्माच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, जुन्या शाळेच्या दाखल्यावर तिसरं, आणि इथला बाबू चौथं टाईप करतो. त्यात आपला ‘ळ’. काळे आडनावाच्या किती मुली माझ्या हजेरीपटावर ‘काले’ होऊन आल्या. आधारवर रोमन लिपीतलं आडनाव असतं, पोर्टल त्यावरून हिंदी नाव स्वतःच बनवतं, आणि तिथे ळ उमटत नाही. गोखले, जोशी असतील तर निभावतं. काळे, मुळे, पिंपळे असतील तर फॉर्म भरणाऱ्याच्या शेजारी उभं राहून स्क्रीनवर नाव बघा. तो म्हणेल, ‘मैडम, चलेगा.’ तेव्हा चालतंच. मग पाचवीत किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी अडतं आणि दुरुस्तीला आठ-आठ चकरा होतात.

माझा सल्ला असा: घरी बसून एका कोऱ्या कागदावर मुलीचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, जसं आयुष्यभर हवं तसं लिहा. खाली जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आईचं नाव, वडिलांचं नाव. हाच कागद प्रत्येक खिडकीवर पुढे करा. तोंडी सांगितलेलं नाव ऐकणाऱ्याच्या भाषेत लिहिलं जातं.

शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला इथे सगळे टीसी म्हणतात, तो नाशिकच्या शाळेतून घेताना जागेवरच वाचा. नाव, जन्मतारीख अक्षरी, आईचं नाव, शेवटची इयत्ता, सोडल्याची तारीख. शाळा सोडून गेल्यावर त्यातली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाते, आणि ती इंदुरात बसून करणं फार जड. दाखला घेऊन आला असाल आणि त्यात चूक दिसली, तर आत्ताच लिहा, पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका. इथल्या पुष्कळ शाळा दुसऱ्या राज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती आणलेली नसेल तर घाबरू नका. मुलांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात कलम ५ आहे: दाखला यायला उशीर झाला हे कारण दाखवून शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, ते कलम १४. हे भांडायला म्हणून सांगत नाही. शांतपणे म्हणा, ‘दाखला पंधरा दिवसांत आणून देते, तोवर मुलीला वर्गात बसू द्या,’ आणि तसं लेखी द्या. शहाणी मुख्याध्यापिका होच म्हणते.

दाखल्याबरोबर एक न दिसणारं काम असतं. देशभरातल्या शाळांच्या यूडायस पोर्टलवर प्रत्येक मुलाचा कायम शैक्षणिक क्रमांक असतो, त्याला पेन नंबर म्हणतात. तो राज्य बदललं तरी तोच राहतो. पण जुन्या शाळेने मुलीला त्यांच्या यादीतून मोकळं केल्याशिवाय नव्या शाळेला ती आपल्या यादीत ओढून घेता येत नाही. म्हणजे मूल इंदूरच्या बाकावर आणि नाव नाशिकच्या पटावर. नाशिकच्या मुख्याध्यापकांना फोन करून ‘पोर्टलवर ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) टाकलं का’ एवढं विचारा आणि पेन नंबर लिहून घ्या. कागदी टीसी हातात असूनही या एका गोष्टीसाठी मुलांची नावं महिनोन्महिने लटकलेली मी पाहिली आहेत.

मध्य प्रदेशातली खास चीज म्हणजे समग्र आयडी, राज्य सरकारचा ओळख क्रमांक. कुटुंबाचा आठ अंकी, माणशी नऊ अंकी. सरकारी असो की खासगी, शाळा तो मागणारच. तुमच्या वॉर्डाच्या झोन कार्यालयातून किंवा एमपी ऑनलाईनच्या दुकानातून होतो. त्यात मुलांची नावं आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा. आणि ‘अपार’ आयडीसाठी, म्हणजे मुलाच्या शैक्षणिक नोंदींच्या देशपातळीवरच्या क्रमांकासाठी, शाळा संमतीपत्र देईल. ते पालकांच्या लेखी संमतीनेच निघतं, वाचून मग सही करा. आधारबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलेलं आहे की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं करता येणार नाही. व्यवहारात असलेलं बरं पडतं, पण नाही म्हणून मूल घरी बसवायचं कारण नाही.

धाकट्याचं इथेच सांगून टाकते. पाच वर्षं पूर्ण झाली की त्याच्या आधारमध्ये बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते; पाच ते सातच्या दरम्यान ते फुकट होतं. याच वयात, पाच ते सहा वर्षांमध्ये, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) दुसरा बूस्टर असतो. ही लस राहून गेलेली मुलं मी दर वर्षी पाहायची, कारण दीड वर्षांनंतर आयांना वाटतं लसीकरण संपलं. पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत. ती कोणत्या तारखेला मोजायची ते त्या वर्षीच्या परिपत्रकात येतं, शाळेत विचारून घ्या. काही महिने कमी पडत असतील तर थांबा. वय रेटून पहिलीत बसवलेल्या मुलांची पेन्सिल धरतानाची बोटं बघितली की वाटायचं, अजून एक वर्ष मातीत खेळू द्यायला हवं होतं.

आता गेट. माझ्या दृष्टीने सगळ्या नियमांत हा पहिला.

मी शिकवायला लागून पाच-सहा वर्षं झाली असतील. जुलैतला दिवस, शाळा सुटायच्या वेळी असा पाऊस कोसळला की गेटवर छत्र्यांशिवाय काही दिसेना. दुसरीतल्या एका मुलीचे काका आले, ‘भाभीने भेजा है’ म्हणाले, मुलीने हसून त्यांचा हात धरला आणि आमच्या आयाबाईंनी जाऊ दिलं. पाच मिनिटांनी आई आली. तिने कुणाला पाठवलेलं नव्हतं. काका आपणहून, पाऊस बघून आले होते. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल नव्हता. ती आई पाऊण तास वर्गाच्या दारात उभी होती, साडीचा ओला काठ हातात पिळत, एक शब्द न बोलता. मुलगी घरी सुखरूप होती, चुलतभावाबरोबर भजी खात होती. पण तो पाऊण तास मी विसरले नाही. दुसऱ्या दिवशी मी एक साधी वही केली: कोणाला नेऊ द्यायचं त्यांची नावं, आईवडिलांची सही, आणि रोजच्याहून वेगळं कुणी आलं तर त्यांची सही आणि वेळ. पुढे फोटोचं कार्ड आलं, पण वही मी निवृत्तीपर्यंत ठेवली.

म्हणून तुमच्या शाळेत गेटवर कार्ड मागतील, कार्ड विसरलात तर थांबवतील, फोन करून खात्री करतील. रागावू नका. तुम्ही सख्खी आई आहात हे गेटवरच्या नव्या माणसाला कपाळ बघून कळत नाही. आणि उलट बाजूने तुम्हीही पाहा: कार्ड न बघता मूल सोडत असतील तर मुख्याध्यापिकेला सांगा. आजोबा, मावशी, शेजारी, जो कोणी न्यायला येऊ शकतो त्याचं नाव आधीच लिहून द्या. घरात वेगळं राहणं, ताब्याचा खटला असं काही असेल, तर संकोच न करता मुख्याध्यापिकेला भेटून न्यायालयाच्या आदेशाची प्रत द्या. ते वर्गशिक्षिकेला व्हॉट्सॲपवर कळवायचं काम नाही.

नव्या शहरातल्या घरांची एक चूक नेहमी होते. प्रवेश अर्जावर अडीनडीला फोन करायचे तीन नंबर असतात. आई, बाबा, आणि तिसरा आजीचा, नाशिकचा. मूल पडलं, आई मीटिंगमध्ये, बाबा गाडी चालवताहेत. नाशिकची आजी फोन उचलेल आणि दोन्हीकडचे घाबरतील. तिसरा नंबर इंदुरातलाच हवा. ओळख नसेल तर शेजारच्या घरी जाऊन ओळख करा. इथली माणसं पोहे खायला घातल्याशिवाय सोडणार नाहीत, पण नंबर नक्की देतील.

वाहनाचं थोडक्यात. शाळेची बस असेल तर ती पिवळी, पुढे-मागे ‘स्कूल बस’ लिहिलेली, खिडक्यांना गज, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि चढउतार करायला सोबत माणूस, एवढं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमध्येच आहे. ऑटो किंवा मॅजिक (छोटी व्हॅन) ठरवत असाल तर फीआधी एक दिवस सकाळी ती गाडी भरलेली कशी येते ते रस्त्यावर उभं राहून बघा. चालकाच्या मांडीला मांडी लावून मुलं बसलेली दिसली, दप्तरं बाहेर लोंबत असली, तर स्वस्त पडली तरी नको. स्वतः स्कूटरवर सोडणार असाल तर चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं, हा मोटार वाहन कायदा आहे. गेटसमोर सोडायला म्हणून उलट्या बाजूने गाडी घालणारे पालक रोज दिसतात. शंभर पावलं लांब गाडी लावा आणि हात धरून चालत या. त्या शंभर पावलांत मूल दिवसाचं काय काय सांगतं.

आजारपण. ताप असेल तर मूल घरी, आणि औषध न देता पूर्ण एक दिवस ताप नसेल तेव्हा शाळेत. सकाळी पॅरासिटामोल पाजून पाठवलेलं मूल बरोबर साडेअकराला बाकावर डोकं टेकतं. शिक्षिकेला ते दुरून कळतं. उलट्या-जुलाब थांबून किमान एक दिवस जाऊ द्या. कांजिण्या असतील तर सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत नाही. डोळे आले असतील तर पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत नाही. उवा झाल्या म्हणून मात्र घरी ठेवायची गरज नसते. त्याच संध्याकाळी औषध लावा, बारीक फणीने लिखा काढा, आणि शिक्षिकेला हळूच सांगा. लाज वाटून लपवलं की अख्खा वर्ग खाजवतो.

गोळ्या-औषधं दप्तरात ठेवून ‘बाराला घे’ असं मुलीला सांगू नका. तिसरीतली मुलं चांगल्या मनाने ती मैत्रिणीलाही देतात. डॉक्टरांना विचारा, सकाळी आणि शाळेतून आल्यावर असे डोस बसवता येतील का. बहुतेक वेळा येतात. दम्याचा पंप असेल तर गोष्ट वेगळी, तो शाळेत असलाच पाहिजे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि कोणत्या कपाटात आहे हे वर्गशिक्षिकेसोबत खेळाच्या सरांनाही माहीत हवं. ॲलर्जी, आकडी, चष्मा, कानाचा त्रास, जे असेल ते पहिल्याच दिवशी लेखी द्या. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिवस असतो, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात. त्या दिवशी पोटभर खाऊ घालून पाठवा, गोळी चावून खायची असते हे सांगा, आणि मूल आजारी असेल तर तसं कळवा.

हजेरीबद्दल एवढंच की न येण्याचं कारण त्याच दिवशी, शाळा भरायच्या आत कळवा, आणि परत येताना दोन ओळींचा अर्ज द्या. लग्नासाठी चार दिवस नाशिकला जायचं असेल तर खोटा ताप लिहू नका. मूल वर्गात सगळं खरं सांगून टाकतं, मेंदीसकट. शिक्षिकेला आधी विचारलंत तर ती चार दिवसांचा अभ्यास सांगते.

इथलं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, महिनाभर शाळा चालते, मग मे आणि अर्धा जून सुटी. महाराष्ट्रातल्या जूनच्या सवयीने बऱ्याच जणांचा एप्रिल हुकतो, आणि त्याच महिन्यात पुस्तकं, नवा वर्ग, नव्या बाई. दिवाळीची सुटी तिकडच्यासारखी लांब नसते. रंगपंचमीची सुटी मात्र पक्की. नाशिकला रंगाच्या पाण्याच्या रहाडी असतात तशी इथे राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, येते, सगळं शहर रस्त्यावर. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की कलेक्टर शाळेची वेळ पुढे ढकलतात किंवा लहान वर्गांना सुटी देतात. तो आदेश बरेचदा संध्याकाळी उशिरा येतो, आणि मागच्या वर्षीचा आदेशही ग्रुपवर फिरायला लागतो. तारीख आणि सही बघा, कोणत्या वर्गांना लागू आहे ते बघा, नाहीतर शाळेच्या स्वतःच्या संदेशाची वाट पाहा.

दप्तराचं वजन करा. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो आणि पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो असं दिलेलं आहे. वजनकाट्यावर मुलीला दप्तरासकट आणि दप्तराशिवाय उभं करा, फरक लिहा. जास्त भरलं तर आधी पाण्याची बाटली बघा, लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. त्याच धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असंही आहे. खासगी शाळांत याहून पुष्कळ जास्त देतात. मुलगी रोज रात्री नऊपर्यंत लिहीत बसली तर डायरीत तेवढंच लिहा: ‘आज दोन तास लागले.’ तक्रारीचा सूर नको, नुसती वेळ. आठवडाभर असं लिहिलेलं बघितलं की चांगली शिक्षिका स्वतः कमी करते.

पुस्तकं आणि गणवेश अमुक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. खासगी शाळांच्या फीसंबंधी मध्य प्रदेशाचा २०१७ चा कायदा आहे आणि त्याखालच्या नियमांत हे स्पष्ट आहे. फीची पावती प्रत्येक वेळी मागा. टिफिनमध्ये पॅकेटबंद खाणं बहुतेक शाळा चालवून घेत नाहीत, आणि इंदूरची मुलं ओला-सुका कचरा वेगळा टाकण्याबाबत फार कडक असतात. तुमची मुलगीही महिन्याभरात तुम्हाला घरी टोकायला लागेल. सोन्याचे डूल, महागडं घड्याळ नको. वाढदिवसाला साधी गोड गोळी वाटा.

एखादी गोष्ट खटकली तर आधी वर्गशिक्षिका, एकट्याने, वेळ घेऊन. पालकांच्या ग्रुपवर मुलाचं किंवा बाईंचं नाव घेऊन लिहू नका. तिथे लिहिलेलं पुसता येत नाही आणि मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाणार असते. मग मुख्याध्यापिका, लेखी, पोच घेऊन. त्यापुढे जिल्हा शिक्षण अधिकारी, आणि राज्याची १८१ हेल्पलाईन. पण एक अपवाद आहे आणि तो मी ठासून सांगते. मुलाला मारलं, अपमान केला, कोंडून ठेवलं, तर ते शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बंद आहे, तिथे ‘आमच्या वेळी मारायचेच’ म्हणून गप्प बसू नका. आणि कुणी नको तिथे हात लावला असं मुलीने सांगितलं, तर पायऱ्या चढत बसू नका. तिचं ऐका, पुन्हापुन्हा वदवून घेऊ नका, आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाईन) किंवा पोलीस. शाळेची अब्रू हा तुमच्या डोक्यावरचा भार नाही.

शेवटी भाषा, कारण त्या बत्तीस नियमांत ती कुठेच नसणार आणि तुमच्या मुलीला पहिले दोन महिने तीच सगळ्यात जड जाणार. तुम्ही म्हणाल, तिला हिंदी येतं, टीव्हीवर बघते. टीव्हीचं येतं. शाळेचं वेगळं असतं, आणि मराठीसारखेच दिसणारे शब्द फसवतात. बाई म्हणतात, ‘कल कॉपी लाना.’ इथे कॉपी म्हणजे वही. आपल्याकडे कॉपी म्हणजे परीक्षेतली लबाडी. ‘छुट्टी हो गई’ म्हणजे शाळा सुटली, सुटी लागली असं नाही. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘अभ्यास’ म्हणजे सराव. पुण्याहून आलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, ‘और चेष्टा करें.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्याची आई डोळ्यांत पाणी आणून आली की माझ्या मुलाची चेष्टा करा असं तुम्ही लिहिलंत. त्या दिवसापासून मराठी घरांसाठी मी ‘प्रयास’ लिहायला लागले. सहलीच्या संमतीपत्रावर ‘मुझे कोई आपत्ति नहीं है’ असेल. आपत्ति म्हणजे हरकत, संकट नाही.

याहून महत्त्वाचं, मुलीला मागता येणं. बाहेरगावहून आलेली मुलं पहिल्या आठवड्यात लघवी कोंडून बसतात, कारण कसं विचारायचं ते कळत नाही आणि चुकीचं बोललं तर वर्ग हसेल ही भीती. अशी एक चिमुरडी माझ्या वर्गात तीन तास पाय आवळून बसली होती. शेवटी तिच्या शेजारणीने उठून सांगितलं. तेव्हापासून नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, स्वतः नेऊन बाथरूम आणि पाण्याचा नळ दाखवायची. तुमच्या मुलीच्या बाईंना ही विनंती करा, कुणी नाही म्हणणार नाही.

घरी मराठीच बोला. शाळेत हिंदी यावं म्हणून घरातली मराठी बंद करू नका. एका भाषेत पक्कं असलेलं मूल दुसरी लवकर उचलतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. फक्त पहिल्या दिवसाच्या आधी, रात्री जेवताना, चार वाक्यं तिच्याकडून म्हणवून घ्या, मोठ्याने, हसत: ‘मैडम, बाथरूम जाऊँ?’ ‘मुझे समझ में नहीं आया, फिर से बता दीजिए.’ ‘मेरी तबीयत ठीक नहीं है, मम्मी को फोन कर दीजिए.’ आणि मधल्या सुटीसाठी, ‘मैं भी खेलूँ?’ चौथं वाक्य दोनदा म्हणवून घ्या.